सूचनेची सूचना

राजा दुर्जयसेनानं भरिताचा घास तोंडात घातला, तेवढ्यात त्याची स्वयंपाकीण गोजराबाई म्हणाली, "महाराज, मी नोकरी सोडतेय."

राजाला जोरात ठसका लागला. "काय? कधी?"

"करारात लिहिलंय तसं. जाणाऱ्यानं महिनाभर आधी सांगायचं. आज सांगितलं, महिन्यानं निघते. घाटाच्या तोंडाशी जागा बघितलीय. स्वतःची खाणावळ काढणार!"

अकरा वर्षं गोजराबाईनं राजाचे नखरे सोसले होते. भाकरी चंद्रासारखी गोल हवी, कांदा चिरताना आवाज नको! पण अशी हातची चव राजा सुखासुखी सोडतोय थोडाच! त्यानं दिवाणाकडून करार मागवला आणि खाली स्वतःच्या हातानं एक ओळ खरडली.

"ऐक, नवं कलम! सूचना द्यायच्या महिनाभर आधी, सूचना देणार असल्याची सूचना द्यायची!"

"बरं. मग ती आज दिली असं धरा."

"छे छे! तिचीही सूचना महिनाभर आधी हवी. आणि त्या सूचनेचीही! एवढं जमव आणि खुशाल जा."

दरबारी खो खो हसले. गोजराबाईनं मनात हिशेब केला. असं मागे मागे जायचं, तर जन्माला येण्याआधीच सूचना द्यायला हवी होती! आणि जागेचा मालक काय तोवर थांबणार?

तिनं पदराला हात पुसले. "महाराज, हा नियम दोघांनाही लागू ना?"

"अर्थात! आम्ही काय अन्यायी आहोत?"

"करार मोडायचा असो, नाहीतर बदलायचा असो?"

"काहीही असो!" राजा ऐटीत म्हणाला. दिवाणानं कपाळावर हात मारला.

"मग करार बदलणार असल्याची सूचना मला महिन्यापूर्वी कुठे दिलीत? त्या सूचनेची सूचना? आणि तिची? तुमचं कलम अजून लागूच झालेलं नाही, महाराज! लागू होईल तेव्हा बघू. तोवर जुनाच करार चालणार, आणि त्याप्रमाणे माझा महिना सुरू झालासुद्धा!"

राजा बोटांवर महिने मोजू लागला. दहा बोटं संपली, तशी त्यानं दिवाणाची बोटं धरली. तीही संपली. मग तो असा काही हसला, की मुकुट घसरून थेट भरितात पडला!

"हरलो, बाई! महिन्यानं जा. मुदपाकखान्यातला सगळ्यात मोठा तांब्याचा हंडा घेऊन जा, आणि तो वाहायला खेचरही! पण खाणावळीत पहिलं पान आमचं!"

"मांडते की! फक्त गर्दी असली, तर रांगेत उभं राहावं लागेल."

राजाला पुन्हा हसू फुटलं, आणि गोजराबाईला आणखी एक खेचर मिळालं.