सोनकीचा चुन्याचा दगड

फार फार वर्षांमागं, तुमच्या-आमच्या पणज्यांनाही दुधाचे दात आले नव्हते तेव्हा, आंबेकोंडाच्या डोंगराखाली नवशी नावाची बाई राहायची. तिला एकुलती एक लेक, सोनकी. पोर कसली, नुसती भिंगरी! घरात म्हणून पाय ठरायचा नाही.

एका उन्हाळ्यात कणगीत दाणा उरला नाही. गाव डोंगरात करांदे खणून पोट भरू लागलं. सोनकीनंही आईला न सांगता एक कंद खणला, चुलीत भाजला, अर्धा खाल्ला आणि अर्धा आईसाठी झाकून ठेवला. पण तो करांदा नव्हता हो, कळलावीचा कंद होता! पावसाळ्यात कळलावी लाल-पिवळ्या फुलांनी लांबूनच ओळखू येते. उन्हाळ्यात मात्र वेल वाळून जाते, मातीखाली राहतो नुसता विषारी कंद. तो ओळखणार कसा? दुसऱ्या दिवशी सोनकी गेली. मग नवशीला तो झाकलेला अर्धा कंद सापडला. आईचं काय झालं असेल, ते मी काय सांगू?

पाऊस पडून वेली वर आल्या, तशी तिनं कुदळ उचलली. गावही तिच्या मागं निघालं, आणि डोंगरावर कळलावी औषधालाही उरली नाही. पुढच्या सालच्या पावसात भोपळ्याला, काकडीला फुलं आली, पण फळ काही धरेना. फुलपाखरं फिरकलीच नाहीत. मधमाश्या पोळी सोडून गेल्या आणि डोंगर मुका झाला, असं म्हणतात.

फक्त एका जागी गुणगुण ऐकू येई. सोनकीला जिथं पुरलं होतं, तिथल्या करवंदीच्या जाळीवर एक कळलावी चढली होती. नवशी विळा घेऊन धावली.

"मेले, इथंही आलीस?"

पण वेलीवर इतकी फुलपाखरं बसली होती, की विळा घालायला जागा दिसेना. बघता बघता नवशीचे डोळे जड झाले. ती तिथंच कलंडली आणि स्वप्नात सोनकी आली. म्हणाली, "आये, मला ठावंच नव्हतं गं."

नवशी उठली ती ढसाढसा रडतच. ठाऊक तरी कसं असणार? पोरीला कुणी दाखवलंच नव्हतं!

पुढं वळीव पडायच्या आत तिनं हाताला पळसाची पानं गुंडाळली आणि तो फाटे फुटलेला कंद वर काढला. त्याचं टोक मोडलं तर वेल उगवत नाही, म्हणून तान्ह्या बाळासारखा जपला. फाटे वेगळे करून ते जाळ्यांच्या बुडाशी लावले, बियाही टोचल्या. गावचा म्हातारा कोंडाजी कडाडला, "पोरीला मारलं त्याचीच लावणी करतीस? डोकं फिरलं का गं तुझं?"

"तात्या, इख काय आपल्या डोंगरातच हाय का? आज उपटलं तर उद्या दुसरीकडं उगवंल. पोरांना वळख दिली पायजे."

मग वेली फुलल्या, की ती प्रत्येकीच्या बुडाशी चुन्यानं रंगवलेला दगड ठेवू लागली. उन्हाळ्यात वेल गेली तरी दगड राही. पोरांना जवळ घेऊन दाखवी, "हे पान बघा. टोक कसं बोटावानी वळून फांदीला धरतंय!" त्या साली फुलपाखरं अशी आली, की भर दुपारी रानावर सावली पडली, आणि एकेक भोपळा उचलायला दोन-दोन बाया लागल्या, असं म्हणतात. चुन्याचा दगड असलेल्या जागी पुन्हा कुणी कुदळ मारली नाही.

नवशी म्हातारी झाली. एका भादव्यात चुन्याचं गाडगं घेऊन ती वर गेली आणि फुलपाखरांचा थवा तिच्याभोवती उतरला. थवा उडाला, तेव्हा तिथं नुसतं गाडगं होतं, असं म्हणतात.

आजही भादव्यात आंबेकोंड पोराबाळांसकट डोंगरावर जातं, दगडांना नवा चुना लावतं. सोनकीच्या करवंदीच्या जाळीतला दगड मात्र कुणी रंगवत नाही. सगळे पोचायच्या आधीच त्याच्यावर ओला चुना असतो. त्याच्यासमोर नव्या पोरांना उभं करतात, पानाचं टोक दाखवतात, आणि ती पोरं बोबड्या बोलात सांगतात, "सोनके, आता मला ठावं हाय गं."