रेंजचं वजन

"जे काट्यावर चढत नाही, ते मी घेत नाही!" मल्लाप्पाशेठ कोरे गादीवर मांडी ठोकून म्हणाले. "हळद चढती, गूळ चढतो, सरकी चढती. तुमची ती रेंज चढती का?"

समोर नंदकुमार मास्तर घाम पुसत उभे. मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. आता त्यांचा तीन खोल्यांचा कारखाना होता. मोबाइलची रेंज लांबून पकडून डोंगराआडच्या गावात फेकणाऱ्या पेट्या आणि अँटेना तिथे बनत. चाळीस गावांची मागणी आली होती, पण एवढा माल करायला भांडवल कुठलं? महिनाअखेरपर्यंत ते उभं राहिलं नाही तर मागणी जाणार, कारखान्याला कुलूप लागणार आणि सात माणसं घरी बसणार. बँकेने "कंपनी फार लहान आहे" म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. उरले होते खोलवाडीचे हे हळदीचे व्यापारी. पैसा रग्गड, आणि हट्टी तर असे की एकदा वैशाखात घोंगडी पांघरली ती "आता काढली तर लोक काय म्हणतील" म्हणून संध्याकाळपर्यंत काढली नाही!

"शेठ, रेंज म्हणजे लहरी," मास्तर चाचरत म्हणाले. "त्यांना वजन नसतं."

"मग त्यात पैसा घालायला मी काय पतंग उडवतोय?"

मास्तरांच्या मागे सुगंधा लोहार उभी होती. कारखान्यात पेट्या जोडणारी आणि टॉवरवर चढून त्या बसवणारी तीच. ती पुढे झाली.

"आणि चढवली तर?"

"काय?"

"रेंज. तुमच्या काट्यावर."

शेठना मोठी गंमत वाटली. "आठ दिवसांत चढवून दाखव, लागंल तेवढं भांडवल घालतो! पण पेटीचं वजन धरायचं न्हाई हां. ते लोखंड भंगारवाल्याकडं स्वस्तात मिळतंय. आन् न्हाई चढली, तर ह्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

"कबूल! पण आठ दिवस पेटी तुमच्या वखारीवर राहील. आणि तिला हात फक्त माझा लागेल."

"लाव की! विजेचं बिलबी मीच भरतो."

बाहेर येताच मास्तर रडकुंडीला आले. "अगं, लहरींना वजन नसतं हे मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवलंय!"

"पोरांना शिकवलंत ना? मग शेठना मी शिकवते."

खोलवाडी चारी बाजूंनी डोंगरात बुडालेली. फोन करायचा तर बिरोबाच्या टेकडीवर जायचं, धापा टाकत, शेठसुद्धा! आता पेटी लागली आणि वखारीत स्वर्ग उतरला. हमाल पोत्यांना टेकून घरी बोलू लागले. शेठ गादीवर लोळत नागपूरच्या नातीशी तास तास गप्पा मारू लागले. तिचं तोंड फोनवर दिसायचं, त्यामुळे त्यांचं जेवणही तिच्यासमोरच व्हायचं. माणसाला चांगल्याची सवय लागायला आठवडा म्हणजे फार झाला.

रोज ते सुगंधाला चिडवत, "काय बाई, किती किलो भरली?"

"वाळतीय अजून, शेठ! ओल्या मालाचं वजन करतात का?"

आठव्या दिवशी सौद्याचा बाजार होता. वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. भर दुपारी सुगंधा पाना घेऊन पत्र्यावर चढली. अँटेना खाली अंगणाकडे वाकवली, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला, पेटीचा जोरही कमी केला, आणि मुकाट खाली येऊन मास्तरांशेजारी उभी राहिली.

झालं! सगळ्या वखारीतली रेंज गेली. "हॅलो, हॅलो" असा नुसता कालवा. कुणी पोत्यांच्या थप्पीवर चढला, कुणी फोन आभाळाकडे धरून गोल फिरू लागला. एवढ्यात एक हमाल अंगणातल्या भुईकाट्यावरून चालला होता. सबंध ट्रक उभा करून तोलतात तो हा काटा. तिथे पोहोचताच त्याचा फोन वाजला.

"आली रं! हितं आली!"

मग काय, व्यापारी, हमाल, दिवाणजी, सगळे धावले काट्यावर! आणि गर्दीत कोपरं मारत, अनवाणी, धोतराचा सोगा सावरत मल्लाप्पाशेठ! नातीचा पहिला दात पडला होता, आणि ती तो दाखवणार एवढ्यात फोन तुटला होता. काट्यावर येताच तिचं तोंड पुन्हा दिसलं.

"इब्राहिमचाचा," सुगंधाने काटेवाल्याला हाक मारली, "वजन किती?"

"अठरा क्विंटल सत्तर!"

"शेठ, चढली बघा तुमच्या काट्यावर!"

शेठनी मान वर केली. आपण कुठे उभे आहोत ते त्यांना आता कळलं. पण हट्ट तो हट्ट! "ही तर माणसं चढल्यात! रेंज कुठाय?"

"रेंज नसेल तर उतरा की मग!"

एकही माणूस हलला नाही. शेठ मात्र ऐटीत दोन पावलं उतरले, आणि फोनमधली नात तोंड उघडं ठेवून जागीच थिजली. शेठ टुणकन परत चढले.

"शेठ," सुगंधा म्हणाली, "तुमच्या हळदीला काट्यावर चढवायला हमाल लावावा लागतो. आमच्या मालाचं गिऱ्हाईक आपल्या पायांनी काट्यावर चढतं, आणि उतर म्हटलं तरी उतरत नाही! आता सांगा, दोहोंत भारी माल कुठला?"

शेठनी एकदा काट्याकडे, एकदा हातातल्या फोनकडे बघितलं. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि ते असे खदाखदा हसले की इब्राहिमचाचा ओरडला, "शेठ, दम धरा! आकडा ठरंना झालाय!"

"मास्तर!" शेठ डोळे पुसत म्हणाले. "चाळीस गावांचं भांडवल माझं. पण एका अटीवर. ह्या पोरीला पगारी ठेवायचं न्हाई, भागीदार करायचं! जावा, कागद करा."

 मास्तर लगबगीने गादीकडे वळले. "चला शेठ, आत बसून सही करू."

"आत?" शेठ केवढ्यांदा ओरडले! "कागद हितंच आणा! दात बघायचा ऱ्हायलाय अजून!"