पहिली घागर आणि शेवटची

माळरानावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध गणिती राहत असत. त्यांची शिष्या केशर हुशार होती, पण उतावळी. गावाने विहिरीपासून बाजारतळापर्यंतच्या उघड्या वाटेवर कडुनिंबाची वीस रोपे लावली. पहिले रोप विहिरीपासून दहा पावलांवर, आणि पुढचे प्रत्येक आणखी दहा पावले लांब. पावसाळ्यापर्यंत त्यांना पाणी कोण घालणार, असे पंचांनी विचारताच केशर उभी राहिली. रोपाला रोज एक घागर. पहिली खेप जाऊन येऊन वीस पावलांची, म्हणजे वीस खेपांची चारशे. पुढे थोडी वाढतील एवढेच. हा तर डाव्या हाताचा मळ, असे तिने भर सभेत सांगून टाकले.

पंधरा दिवसांत उत्साह ओसरला. खेप लांबत जाई आणि अंगातले बळ आटत जाई. टोकाशी पोहोचेपर्यंत निम्मी घागर हिंदकळून सांडे. पुढे पुढे तर ती तिथवर जाईनाशीच झाली. शेवटच्या चार रोपांनी माना टाकल्या. बोलायला काय जाते, असे लोक म्हणू लागले आणि ते तिला फार लागले. एका सकाळी ती रडकुंडीला येऊन गुरुजींना म्हणाली, "शेवटच्या खेपेला चारशे पावलं पडतात. अशा वीस म्हणजे आठ हजार. मला नाही जमणार. पंचांना सांगून मोकळी होते."

गुरुजी उठून तिच्यासोबत विहिरीवर गेले. त्यांनी घागर भरून खांद्यावर घेतली आणि एकोणीस रोपे ओलांडून थेट शेवटच्या रोपाला पाणी घातले. दुसरी घागर मात्र पहिल्या रोपाला. मग दम खात विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि शेजारी एक खडा ठेवला. वयोमानाने गुरुजींचा क्रम चुकला, असे केशरला वाटले. पण त्यांनी घागर वाहावी आणि आपण पाहत राहावे, याची तिला लाज वाटली. तिने घागर उचलली. गुरुजींनी एकोणिसाव्या रोपाकडे बोट दाखवले, नंतर दुसऱ्याकडे. दुसरा खडा पडला. मग अठरावे आणि तिसरे. लांबची खेप झाली की जवळची येई, आणि तेवढ्यात तिला श्वास घेता येई. दहावा खडा पडला तेव्हा विसांच्याही मुळाशी ओल होती आणि ऊन अजून चढायचे होते.

"पण गुरुजी, पावलं तर तेवढीच पडली."

"तेवढीच. एका खड्याची किती?"

तिने मनाशी मोजले. चारशे आणि वीस. तीनशेऐंशी आणि चाळीस. प्रत्येक खड्याची चारशेवीसच! दहा खड्यांची बेचाळीसशे. चारशे नव्हेत, आणि आठ हजारही नव्हेत.

गुरुजी म्हणाले, "शब्द दिलास तेव्हा तू पहिल्या खेपेवरून काम मोजलंस, आणि सोडायला निघालीस तेव्हा शेवटच्या खेपेवरून. गुणाकार दोन्ही वेळा बरोबर होता, माप चुकलं. काम वाढत जाणारं असेल तर पहिली आणि शेवटची खेप एकत्र धरावी. मग प्रत्येक जोडीचं ओझं सारखंच निघतं, आणि ते आपल्याला पेलणारं असतं."

केशर पंचांकडे गेली नाही. आठ-दहा दिवसांत टोकाच्या तीन रोपांना तांबूस पालवी फुटली. शेवटचे मात्र गेले. तिने त्या जागी नवे रोप लावले, आणि रोजची पहिली घागर त्यालाच दिली.