कोचावरची कादंबरी

"पण ती नाही म्हणाली, हाच पुरावा नाही का, डॉक्टर?"

सदानंद वेर्णेकर छाती काढून विचारत होता. मुंबईहून लंडनला येऊन तो मनोविश्लेषण शिकत होता, आणि आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही, अशी त्याची खात्री झाली होती. अतिशहाण्याचा बैल रिकामा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

समोर डॉ. तुळपुळे. लंडनमध्येच केस पिकलेले. पेशंटला कोचावर निजवायचं, आपण त्याच्या डोक्यामागच्या खुर्चीत बसायचं आणि तो बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

सदानंदनं एका नव्या धर्तीच्या इंग्रजी कादंबरीवर निबंध लिहिला होता. कादंबरीत घडत काहीच नाही. एका बाईच्या मनात येईल ते, येईल तसं. वाक्यं अर्ध्यावर सोडलेली. लेखिका आईवरचा राग दडवते आहे, असं त्यानं सिद्ध केलं होतं. बुधवारी तो मनोविश्लेषकांच्या मंडळापुढे वाचायचा. पटला तर सदस्यत्व, नाही तर परतीची बोट.

लेखिकेच्या कानावर हे गेलं. तिनं उलटा निरोप धाडला, "माझं पुस्तक आजारी नाही."

"चिडली! म्हणजे नेम बरोबर बसला," सदानंद म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या हातातली कादंबरी घेऊन चाळली. जिथे जिथे वाक्य तुटलं होतं, तिथे तिथे समासात पेन्सिलीनं ते पुरं केलेलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. पण वाक्यं तिचीच. तिनं गिळलेली."

"हं..."

डॉक्टर उठले. पुस्तक त्यांनी कोचावर ठेवलं, उशीला टेकवून. मग आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"हे काय, डॉक्टर?"

"पेशंट आलाय. ऐकू या."

...

रस्त्यावरून एक मोटार गेली. सदानंदला आधी हसू आलं, मग राग.

"पुस्तक कसं बोलेल?"

...

"आणि अर्धं बोलून गप्प बसायचं, ही लबाडी आहे! समोरच्यानं काय समजायचं?"

डॉक्टरांची नजर उशीवरच्या पुस्तकावर.

"बोटीवर चढताना आई म्हणाली, 'सदू, तू आता...' आणि पदर तोंडाला लावला. पुढे अक्षर नाही. मी जा म्हणून समजायचं, की जाऊ नको म्हणून? आता ती गेली. विचारू कुणाला?"

त्याचा आवाज फाटला. तो एकदम थांबला. पुस्तक उशीवर तसंच पडून होतं.

"याचा माझ्या निबंधाशी काडीचाही संबंध नाही!"

"नाही म्हणतोस?"

सदानंदचे कान लाल झाले. त्यानं झडप घालून पुस्तक उचललं आणि दाराशी जाऊन उभा राहिला. डोळे भरले होते, पण मान ताठच.

"मी माघार घेणार नाही, डॉक्टर. बुधवारी हा निबंध मी वाचणारच!"

"अवश्य वाच," डॉक्टर म्हणाले. "पेशंटचं नाव तेवढं बदल."