पायरीपायरीला थांबणारी नाव

एका नदीच्या काठाकाठाने एक गाव पसरलं होतं. पसरलं कसलं, लांबलं होतं. मागे डोंगर, पुढे पाणी आणि मधे जेमतेम एका घरापुरती जागा. त्यामुळे घरं एकाशेजारी एक अशी बसत गेली, आणि गावाचं वरचं टोक खालच्या टोकाला ओळखेनासं झालं. बैलगाडी जाईल असा रस्ता नव्हता. घरांच्या मागून डोंगराच्या कडेने एक पायवाट होती, पण बाजारहाटाला सगळे जायचे ते गावच्या एकुलत्या एक मोठ्या नावेतून.

गाव प्रसिद्ध होतं दह्यासाठी. तिथलं दही असं लागायचं की मडकं तिरपं केलं तरी हलायचं नाही. बाजाराच्या दिवशी घराघरांतून दह्याची मडकी निघायची आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या पेठेत विकायला जायची.

नाव चालवणारा नावाडी अंगाने थोराड आणि आवाजाने खणखणीत होता, पण 'नाही' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघायचा नाही. त्यात गावची रीत अवघड. प्रत्येक घराला नदीत उतरणारी स्वतःची दगडी पायरी होती. पायरीशी काठीवर लाल फडकं लावलं की नावेनं तिथं लागायचंच. कुणाची पायरी टाळून पुढं जाणं म्हणजे त्या घराचा अपमान, आणि शेजाऱ्याच्या पायरीवरून नावेत चढणं हा तर त्याहून मोठा कमीपणा. 'आमच्या दाराशी नाव लागते,' हे सोयरीक जुळवतानासुद्धा मुद्दाम सांगितलं जायचं.

मग काय व्हायचं, नाव सुटायची, चार वल्ही मारली न मारली तोच पुढचं फडकं दिसायचं. नाव काठाला घ्या, दोर बांधा, मडकी वर घ्या. तेवढ्यात कुणाची तरी पिशवी घरात राहायची, ती आणेपर्यंत थांबा. दोर सोडा, पुन्हा चार वल्ही, पुन्हा फडकं. नावेत बसलेले लोक उन्हात कुरकुरायचे. "काय ही नाव, गोगलगाय बरी," असं म्हणणारा माणूस स्वतः मात्र आपल्याच पायरीवरून चढलेला असायचा.

अशाने पेठेत पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा आणि दही आंबायचं.

एका बाजारी पेठेतल्या हलवायानं दह्याचं बोट जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"नावाडीदादा, देवीची जत्रा जवळ आली," तो म्हणाला. "मला श्रीखंड करायचंय, कढी नाही. जत्रेआधी गोड दही आणून दाखवा, तर दरवर्षीचं सगळं दही तुमच्या गावचं. नाही जमलं तर मी पलीकडच्या गावाला सांगणार, आणि मग त्यांचं सोडून तुमच्याकडे परत यायचा नाही."

नावाडी मनातल्या मनात हिशेब करायला लागला. दही गेलं तर म्हशी जाणार, म्हशी गेल्या तर माणसं पोटासाठी दुसरीकडे जाणार, आणि मग नावेत बसणार कोण? आजोबांपासून चालत आलेली नाव त्याच्या हातात बुडताना दिसायला लागली.

पाटलांनी बैठक बोलावली. नावेनं कमी ठिकाणी थांबावं यावर सगळ्यांचं पटकन एकमत झालं. कुठल्या पायऱ्या गाळायच्या असं विचारल्यावर प्रत्येकानं शेजाऱ्याचं नाव सांगितलं. बराच वेळ आरडाओरडा चालला. शेवटी पाटलांनी हात वर केला.

"थांबायचंच नाही कुठं," ते म्हणाले. "माझ्या पायरीवरून नाव सुटेल ती थेट पेठेत. म्हणजे कुणाचा अपमान नको आणि कुणाचा लाड नको."

पाटलांचं घर गावाच्या वरच्या टोकाला, नाव बांधायची त्याच ठिकाणी. नावाड्याला यात काहीतरी खटकलं, पण पाटलांना नाही म्हणायचं कसं? त्यानं मान डोलावली. एवढंच केलं, की आदल्या संध्याकाळी बायकोची दह्याची मडकी गुपचूप आणून पाटलांच्या पायरीवर ठेवली.

बाजाराच्या सकाळी नाव सुटली ती सुसाट निघाली. नावाड्याला आधी मजाच वाटली. वल्ही अशी सलग मारायला मिळाल्याला किती वर्षं झाली होती. पण मग काठावरची फडकी दिसायला लागली. त्याची वाट बघत लोक पायऱ्यांवर मडकी घेऊन उभे होते. बैठकीतला निर्णय कानावर आला होता, पण आपल्या दाराशी नाव थांबणार नाही हे कुणालाच खरं वाटलं नव्हतं. कुणी हात हलवले, कुणी हाका मारल्या. नावाड्यानं पुढच्या पाण्यावर नजर ठेवली आणि मान वळवली नाही.

नाव पेठेत पोचली तेव्हा दुकानांच्या फळ्या नुकत्याच निघत होत्या. हलवायानं दही चाखलं आणि त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं नावेत डोकावून पाहिलं. आत पाटलांची मडकी, नावाड्याची मडकी आणि छत्री घेऊन बसलेले पाटील.

"दही अमृत आहे," हलवाई म्हणाला. "पण दोन घरच्या दह्यात जत्रा कशी जेवू घालू? पुढचा बाजार जत्रेच्या आदल्या दिवशी. तेवढी एकच संधी आता."

परतताना गावाच्या मधोमध एका म्हाताऱ्या गवळणीनं आपल्या पायरीवरून नाव थांबवली. तिला सगळे मावशी म्हणायचे. ती भांडली नाही, हेच नावाड्याला जास्त लागलं.

"लवकर पोचलास, चांगलं झालं," ती म्हणाली. "पण बाबा, कुणाला घेऊन पोचलास? तुझी मडकी तेवढी गेली."

नावाड्यानं खाली मान घातली. त्याला खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जन्मात न केलेली गोष्ट केली. नाव बांधून ठेवली आणि गावातून पायी निघाला. आजवर त्यानं सगळं गाव पाण्यावरूनच पाहिलं होतं. त्याच्या लेखी गाव म्हणजे पायऱ्या आणि फडकी. मावशी त्याला पायवाटेवर भेटली. लेकीच्या घरी ताकाचं मडकं घेऊन निघाली होती, लेक गावातच पण खालच्या टोकाला दिलेली.

"द्या इकडे ते," नावाडी म्हणाला. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून त्यानं मडकं घेतलं आणि दोघं गप्पा मारत चालू लागली. चांगली आठ-दहा घरं मागे पडली तेव्हा मावशी एका आंब्याखाली थांबली. तिथं छातीइतक्या उंचीचा दगडी कट्टा होता. वाकावं न लागता डोक्यावरचं ओझं अलगद त्यावर सरकवता येत होतं. कट्ट्यापाशी आणखी दोघीतिघी आपापली ओझी उतरवून बोलत बसल्या होत्या.

"इथंच का थांबलात?" नावाड्यानं विचारलं.

"हा विसावा. इथंच थांबतात सगळे," मावशी म्हणाली. "मान दुखायला लागते ना इथवर आल्यावर. आमच्या सासूबाईही इथंच टेकायच्या."

पुढं असाच आणखी एक कट्टा आला, मग आणखी एक. सपाटीवर ते लांब लांब होते. खडकाळ चढ होता तिथं जवळ जवळ. कुण्या जुन्या माणसांनी आपल्या मानेला विचारून ते बांधले असावेत. नावाडी तिसऱ्या कट्ट्याला टेकला आणि एकदम हसायला लागला.

"काय झालं रे?" मावशीनं विचारलं.

"मावशी, गावात कुणाला चालणं जड नाही. इथवर तर सगळे ओझं घेऊन रोज चालतात, ते पण हसतखेळत. जड जातंय ते शेजाऱ्याच्या पायरीवर पाय ठेवणं. पण हा कट्टा कुठं कुणाच्या मालकीचा आहे?"

प्रत्येक कट्ट्यापासून घरांमधल्या बोळानं नदीकाठी उतरता येत होतं, तिथं त्यानं दगड रचून धक्का केला आणि घरोघरी जाऊन सांगितलं, "जत्रेच्या बाजारी नाव फक्त विसाव्यांना लागणार. दाराशी नाही, पण कुणाला सोडूनही जाणार नाही." लोकांनी ऐकून घेतलं, आणि फडकी धुऊन ठेवली, कारण आपल्यापुरता नियम वाकेल असं प्रत्येकाला वाटत होतं. पाटलांनी तर नवीन फडकं आणलं. त्यांचं घर आता पहिल्या विसाव्यापासून चार घरं वर पडत होतं.

बाजाराच्या सकाळी नावाडी नाव घेऊन पहिल्या विसाव्याला उभा राहिला. पाटील आपल्या पायरीवर फडकं लावून तिथूनच बघत राहिले. बाकीचे आले ते रेंगाळत आले. नाव निघाली, दुसऱ्या विसाव्याला लागली. तिथं बरीच मंडळी होती, पण मागे वळून बघत होती. पुढं काय होतं ते सगळ्यांना पाहायचं होतं. कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या विसाव्याच्या मधोमध खुद्द नावाड्याचं घर होतं.

तिथं लाल फडकं फडकत होतं. खाली पायरीवर कंबरेवर मडकं घेऊन नावाड्याची बायको उभी होती. नियम गावासाठी असतात, घरासाठी कसले, असं तिचं सरळ मत होतं.

नावाड्याचा हात वल्ह्यावर अडखळला. नाव थोडी काठाकडे झुकलीसुद्धा.  या पायरीला नाव लागली तर पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आणि दही आजही आंबणार, हे त्याला कळत होतं. बायको संध्याकाळी काय करील तेही कळत होतं.

"अगं," तो काठाकडे बघून म्हणाला, "विसाव्याला ये. तू आल्याशिवाय नाव सोडत नाही."

आणि त्यानं वल्हं मारलं. आपल्याच दारावरून नाव पुढं गेली.

बायको क्षणभर बघतच राहिली. मग तिनं मडकं सावरलं आणि तरातरा पायवाटेला लागली. तिसऱ्या विसाव्याला मडकी वर घेणं चाललं होतं तोवर ती पोचली, कुणाचाही हात न घेता चढली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली.

तिथली शेवटची मडकी चढवून होईपर्यंत मागून धापा टाकत आणखी एक माणूस आला. छत्री काखेत, मागे मडकी घेतलेले दोन गडी. पाटील होते. आपल्या पायरीवरून त्यांना सगळं दिसलं नव्हतं, पण काठाकाठाने एका पायरीवरून दुसरीवर बातमी ओरडत गेली होती, 'नावाड्यानं स्वतःचं दार सोडलं.' त्यांनी मुकाट्यानं फडकं उतरवलं होतं आणि पायवाटेनं झपाझपा सुटले होते.

"सरका जरा," ते एवढंच म्हणाले. लोक सरकले.

पुढचे विसावे भराभर झाले. मावशी आपल्या विसाव्यावर सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. नाव पेठेत पोचली तेव्हा उन्हं कोवळी होती आणि नावेत पाय ठेवायला जागा नव्हती. हलवायानं एका मडक्यातलं दही चाखलं, मग दुसऱ्यातलं. तिसऱ्या मडक्यापाशी त्यानं चाखायचं सोडून वाटीच भरून घेतली.

"उतरवा सगळं," तो म्हणाला. "आता दरवर्षी."

नावाडी नावेच्या काठावर मटकन बसला. शेजारी बायको होती. 

"पुढच्या बाजारी मडकं तू घेऊन चालायचंस विसाव्यापर्यंत," ती म्हणाली. "मी नाव धरून ठेवीन."

"बरं," नावाडी म्हणाला. 'नाही' म्हणायला तो शिकला होता, पण इतकाही नाही.

तेव्हापासून नाव विसाव्यांनाच लागते. एका पांगळ्या आजोबांच्या पायरीला मात्र ती अजूनही थांबते, आणि त्यावर गावात कुणी ब्र काढत नाही. सोयरीक जुळवताना आता 'आमच्या विसाव्याला फार चांगली माणसं असतात,' असं सांगतात. नावाड्याची तक्रार एकच आहे. नाव लागली तरी कट्ट्यावरच्या गप्पा संपत नाहीत.

तात्पर्य सांगायचंच झालं तर हे: दारादारात थांबणारा कुणालाच वेळेवर पोचवत नाही आणि कुठंच न थांबणारा कुणालाच नेत नाही. थोडं माणसांनी चालावं, थोडं नावेनं थांबावं, आणि हा नियम ज्यानं केला त्यानं पहिल्यांदा आपलं दार ओलांडून पुढं जावं.