शाल्मलीच्या पाठीवरचे घाव

कृतयुग सरून त्रेतायुगाला नुकते कुठे मिसरूड फुटत होते, त्या काळची ही गोष्ट. वेत्रा नदीच्या तीरावर, शालवृक्षांच्या निबिड छायेत, शंकुश्रवा नावाचा ऋषी तप करीत होता. आधी पाने खाऊन, मग वारा खाऊन, मग तोही सोडून त्याने ब्रह्मदेवाला अगदी जेरीस आणले. शेवटी विधाता म्हणाला, "बाराव्या दिवशी अर्भकाच्या कानात जे नाव पहिल्याने सांगितले जाईल, त्याचा अर्थ त्याच्या आयुष्याला जडेल. आता तरी ऊठ!"

ऋषीने वर नीट ऐकलाच नाही. सिद्धी मिळाली ती आपल्या जिभेला, असे त्याने गृहीत धरले, आणि त्याच्या पांढऱ्या दाढीकडे पाहून साऱ्या जगानेही.

राजा भद्रकेतूचे असुरांशी हाडवैर होते. ते का जडले, हे कोणालाच आठवत नव्हते; जपले मात्र होते, लोणच्यासारखे. थोरला पुत्र झाला तेव्हा राजाने ऋषीकडून त्याच्या कानात 'शत्रुतापन' हे नाव सांगवले. शत्रूला जाळणारा! त्याने असुरांची तीन नगरे जाळली आणि चौथ्या नगरात स्वतःच्याच ज्वाळांत कोळसा झाला. धाकट्याचे नाव 'रणाहुती'. बापाने नावातच पोराची आहुती दिली होती. रणाने ती घेतली, एवढेच.

तिकडे असुरांच्या पाळण्यापाशीही हाच ऋषी जात असे. त्यांच्या सेनापतीला 'उलुंब' हे नाव त्यानेच दिले होते. असुरभाषेत उलुंब म्हणजे ज्याची भूक कधी भागत नाही तो. प्रलयमेघासारखा कृष्णवर्ण, पर्वतप्राय देहाचा तो असुर रणात हत्ती सोंडेसकट चावून खाई. त्याच्या दाढांत रथांची चाके कडकड मोडत, हनुवटीवरून रक्ताचे ओहळ वाहत, तरी पोट रिकामेच. त्यानेच रणाहुतीला गिळले.

रणाहुतीच्या मागे त्याला पुत्र झाला. बाराव्या दिवशी पाळणा सजला. तटाबाहेर प्रेते सडत होती, आणि आत म्हातारे नावाचा विचार करीत होते.

"राजन्, 'असुरांतक' ठेवू," ऋषी म्हणाला.

"उत्तम!" राजा म्हणाला. "सोळाव्या वर्षी याच्या हाती खड्ग देईन."

"आणि सतराव्या वर्षी अस्थी कुठे सोडायच्या, तेही आत्ताच ठरवा ना, तात!"

सगळ्यांनी वळून पाहिले. राजकन्या शाल्मली उभी होती. मेलेल्या दोघांची बहीण, पाळण्यातल्याची आत्या.

"कन्ये, हा पुरुषांचा विचार आहे."

"मग दोन भाऊ गेले ते कोणाच्या विचाराने? माझ्या वेळी म्हणालात, मुलीच्या नावाला ऋषी कशाला हवा! दाईने कानात सांगितले, शाल्मली. काटेसावर. हत्तीसुद्धा जिच्या खोडाला अंग घासत नाही ती. तात, तुम्हीच सांगा, खरे झाले की नाही ते नाव?"

शाल्मलीला उमगलेले राजाला आणि ऋषीला त्या क्षणी उमगले: वर जिभेला नव्हता, कानाला होता.

"ओढा तिला!" ऋषी किंचाळला.

तोवर ती पाळण्यावर ओणवी झाली होती. दोन्ही हातांनी तिने पाळण्याच्या कडा धरल्या. राजाने पहिली मूठ तिच्या पाठीत हाणली, बापाची मूठ! मग अमात्य, मग पुरोहित, मग ऋषीचा दंड. बरगड्या मोडल्याचा आवाज साऱ्या सभेने ऐकला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. रक्ताने भरलेल्या गळ्यातून बाळाच्या कानात नुसते "कुर्रर्र" उमटले. घाव पडतच होते. तिने रक्त गिळले आणि सांगितले, "स्वैर. आपल्या मनाने चालणारा. स्वैर."

मग पाळण्यावरचे तिचे हात सुटले.

"दुष्टे!" ऋषीने कमंडलूतले जल तिच्यावर फेकले. "पाळण्यात नाव सांगणाऱ्या प्रत्येक आत्याच्या पाठीत असेच धपाटे बसतील!"

शाल्मली हसली, दात लाल झाले होते. "बसू देत की, महाराज. पण नाव आत्याच सांगेल, हे तुम्हीच बोलून बसलात." एवढे बोलून तिने प्राण सोडला.

सोळाव्या वर्षी राजाने नातवापुढे खड्ग धरले. स्वैराने ते हाती घेतले, नीट पाहिले आणि आजोबांच्या मांडीवर ठेवले. "वैर तुमचे आहे, आजोबा. तुम्ही लढा. मी निघालो."

त्या कुळात 'नाही' असे कोणी कधी म्हटलेच नव्हते, त्यामुळे त्याला अडवायचे कसे, हे कोणाला सुचलेच नाही. तो वेत्रा ओलांडून गेला. मग मात्र राजाला स्वतः रथावर चढावे लागले, आणि विजयमंत्र म्हणायला ऋषीला शेजारी बसावे लागले. उलुंबाने दोघांना रथासकट उचलले. राजाची कवटी त्याने सुपारीसारखी फोडली. ऋषी अख्खाच गिळला. नाव देणाराच पोटात गेला, आणि त्या असुराला जन्मात पहिल्यांदा ढेकर आली. शस्त्र टाकून तो तिथेच झोपी गेला.

वडीलधाऱ्यांनी पुढे 'स्वैर' या शब्दाची शिवी केली. ते ओघानेच आले. शाप मात्र अजून चालू आहे. बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि हसतात. ती "कुर्रर्र" करते, आणि नाव सांगून होईपर्यंत पाळणा सोडत नाही.