देव सांगेपर्यंत

नदीच्या वळणावर वसलेल्या एका खेड्यात बर्णबा नावाचा सुतार राहत होता. हाताचा कुशल, शब्दाचा पक्का आणि मनाचा भारी शंकेखोर. फळी रंध्यानं तासून झाली तरी तो तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवी. प्रार्थनेनंतर ‘आमेन’ म्हणून झालं तरी, आपण ते मनापासून म्हटलं की नुसत्या सवयीनं, याचा विचार करत बसे.

त्याला रिबका नावाची एकुलती एक मुलगी होती. बर्णबाचं घराणं प्रोटेस्टंट, आणि रिबकेनं लग्न केलं ते नदीपलीकडच्या पास्कू नावाच्या कॅथलिक मुलाशी. दोघंही ख्रिस्ताचंच नाव घेणारी, पण चर्च वेगळं, रीत वेगळी. बर्णबाला ते सोसलं नाही. रविवारच्या उपासनेत भर मंडळीसमोर उभा राहून तो म्हणाला, “देव स्वतः सांगेपर्यंत मी पोरीचं तोंड पाहणार नाही.”

रागाच्या भरात माणसं पुष्कळ बोलतात आणि विसरून जातात. बर्णबाला विसरता येईना. राग केव्हाच ओसरला, शब्द तेवढा उरला.

पुढे रिबकेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढ्या एका बाबतीत दोन्ही घरांचं एकमत होतं. त्यातून रिबकेला सासू नव्हती. तिच्याकडे बघायला घरात बाईमाणूस कुणीच नव्हतं.

“आता तरी आणा तिला,” बर्णबाची बायको सुवार्ता म्हणाली.

“मी कुठं नाही म्हणतो? पण देवानं सांगायला हवं ना!”

“आणि त्यानं सांगितलं, तर तुम्हाला कळेल?”

तिथंच तर घोडं अडलं होतं.

त्याच्या चर्चच्या मंडळीत जुन्या लोकांची एक सवय होती. पेच पडला की डोळे मिटून प्रार्थना करायची, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते वचन आपल्यासाठी. बर्णबानं तसं केलं. बोटाखाली मंदिराच्या बांधकामाची मापं आली, इतके हात लांब आणि इतके हात रुंद. सुतार असल्यामुळे ती त्याला फार आवडली, पण मुलीला आणावं की नाही, हे त्यांत कुठंच नव्हतं. तरीही न जाणो म्हणून त्यानं घराचं दार एकदा मोजून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट ठेवलं. या वेळी वंशावळ निघाली. अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा. जन्माचा विषय निघालेला पाहून बर्णबा सरसावून बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की यात सगळे मुलगेच आहेत. मुलीचं नावच नाही. त्यानं पुस्तक मिटलं.

त्याच आठवड्यात शेजारणीनं मोडका पाळणा दुरुस्तीला आणून टाकला.

“बघा!” सुवार्ता म्हणाली. “आता आणखी काय हवं?”

“सुताराकडे पाळणा येणार नाही, तर काय मासळी येईल?”

असं तो म्हणाला खरा, पण पाळण्याला हात लावताच हीच खूण असावी, असं त्याला वाटलं. मग त्या वाटण्याचीच त्याला शंका आली. मला पोर घरी यायला हवी आहे, म्हणून मला पाळण्यात देव दिसतो. हा देव कसला? ही माझीच माया. मनाला जे गोड वाटतं ते देवाचं म्हणून खपवायचं, ही तर सैतानाची जुनी युक्ती. आणि लगेच उलटा विचार आला, की ही माया तरी माझ्यात कुणी घातली? या दोन विचारांच्या मध्ये तो दिवसभर करवत हातात धरून बसला. पाळणा तसाच राहिला.

शेवटी तो पाळकांकडे गेला. पाळकसाहेब परसात मिरच्यांना पाणी घालत होते.

“पाळकसाहेब, देवाचा आवाज ओळखायचा कसा?”

“कशासाठी हवा आहे, बर्णबा? ऐकून काही करायचं आहे, की नुसती खात्री करायची आहे?”

“आधी खात्री, मग करणं.”

“माझं जन्मभर उलटंच झालं,” पाळक म्हणाले. “करत गेलो. खात्रीचं अजून बघतो आहे.”

बर्णबा गेला होता त्याहून जास्त गोंधळून परत आला. पाळकालाच खात्री नाही, तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

घरी ओट्यावर गोदा कासारीण बांगड्यांचं ओझं उतरवून बसली होती. ती सुवार्तेला सांगत होती, “बाई, तुमच्या रिबकेकडं गेले होते. नेहमीच्या मापाची बांगडी काही केल्या चढेना. हात सुजलेत, पाय सुजलेत. डोकं ठणकतं म्हणत होती. मला काही ते बरं दिसलं नाही.”

सुवार्ता उठली. तिनं घरात जाऊन गाठोडं बांधायला घेतलं.

बर्णबा तिच्या मागं मागं फिरू लागला. “या कासारणीला निरोप देऊन कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. बांगड्या विकायला आली होती.”

“मग तो निरोप कसा म्हणायचा? आणि ती तर आपल्या मंडळीतलीही नाही!”

सुवार्तेनं गाठ आवळली. “तुम्ही विचारत बसा. मला बोलावणं आलंय.”

“कुणाचं? देवाचं, की पोरीचं?”

“मला त्यातला फरक कळत नाही,” ती म्हणाली आणि चालू लागली.

बर्णबा दारात उभा राहिला. त्यानं आकाशाकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. आंब्यावर कावळा ओरडला, पण कावळा रोजच ओरडे. मन म्हणत होतं जा, आणि मनावर त्याचा विश्वास नव्हता. पण सुजलेल्या हातावर बांगडी अडकून बसलेली त्याला दिसू लागली, आणि ती काही केल्या डोळ्यांपुढून हटेना. त्यानं शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली. नदीच्या उतारावर त्यानं सुवार्तेला गाठलं. ती गाठोडं आत टाकून गाडीत चढली.

पास्कूच्या दारात गाडी थांबली. बर्णबा खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. देवानं सांगितलं होतं की नव्हतं, ते अजून त्याचं त्याला ठरवता आलं नव्हतं, आणि शब्द तर दिलेला होता.

दारात पावलं वाजली. त्याला फक्त पावलंच दिसली. ती इतकी सुजली होती, की घोटे कुठले ते कळत नव्हतं.

“दादा,” रिबका म्हणाली, “वर बघा ना.”

हा आवाज मुलीचा होता, हे बर्णबाला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचा होता का, ते तो शपथेवर सांगू शकला नसता. त्यानं मान वर केली.

पास्कूनं तिला धरून गाडीत बसवलं. माहेर राहिलं बाजूला, गाडी थेट तालुक्याच्या दवाखान्याकडे वळली. अर्ध्या वाटेवर बर्णबा हळूच म्हणाला, “सुवार्ता, देव बोलला असेल का गं?”

“खड्डे चुकवा,” ती म्हणाली. “पोर हिंदकळते आहे.”

त्यानं कासरे ओढले आणि तो खड्डे चुकवू लागला.

तात्पर्य: देव नेमका कोणत्या आवाजात बोलला, याची खात्री माणसाला क्वचितच होते, पण अडलेल्या माणसाची हाक कुणालाही ओळखू येते. ती ऐकून निघावं. खात्री मागून आली तर आली.